गिरणीकामगारांची सुटी व त्यांचें वेतन

आमच्या शीव कोळीवाड्याच्या दक्षिणेस दादर, परळ, लालबाग असा गिरणगांवाचा मुलूख पसरलेला होता. तेथें कोण राबत असे व त्याच्या हातीं काय पडे, याचें टिपण या ज्युबिली अंकांत असावें असें आम्हांस वाटलें.

कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं काढलेल्या कंपनीची सूतगिरणी १८५६ त चालू झाली. पुढें कोंकणांतून माणसांचा ओघ लागला; १९११ त गिरणीकामगारांपैकीं जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले होते.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनें १८९० त रविवारची सुटी मिळाली. त्यांनीं ती खंडोबाचा वार म्हणून मागितली; ख्रिस्ती कामकऱ्यांची मिस्साची सोय आपोआप झाली! सुटी सर्वांस सारखी, वेतन मात्र तसें नव्हे. विणकामाच्या सांचेखात्यांत पगार अधिक. तेथें दलितांस मज्जाव. सूत तोंडानें ओढावें लागतें, सबब विटाळ होतो, हें कारण! डॉ. आंबेडकरांनीं १९२८ च्या संपांत हा प्रश्न लावून धरला.

१९२० नंतरच्या दशकांत पांच कामगारांत सुमारें एक स्त्री असे. वाइंडिंग व रीलिंग खात्यांतलें त्यांचें काम बहुधा उक्तें. सूत निकृष्ट येऊन धागा वारंवार तुटला, तर खोट बाईलाच. १९२९ च्या कायद्यानें बाळंतपणांत रोज ८ आणे मिळूं लागले. पण रात्रपाळीची बंदी व नवीं यंत्रें यांपुढें त्यांचें प्रमाण घटत गेलें. औद्योगिक न्यायालयानें १९४७ त २६ दिवसांचें किमान वेतन ३० रुपये ठरविलें, महागाई भत्ता वेगळा. तो निवाडा आला तेव्हां खात्यांत पूर्वीइतक्या बायका उरल्या नव्हत्या.