मंदीत जहाजं भरलेलीच होती, मग नफा कुठे गेला?

समजा, तुम्हाला प्रश्न दिला: २००८-०९ च्या जागतिक मंदीचा फटका क्रूझ व्यवसायाला बसला का? आणि सोबत एकच आकडा दिला. कार्निव्हल कॉर्पोरेशन ही या धंद्यातली जगातली सर्वांत मोठी कंपनी. तिच्या जहाजांवरून २००८ मध्ये साधारण ८२ लाख प्रवाशांनी सफर केली आणि २००९ मध्ये साधारण ८५ लाख प्रवाशांनी. तुम्ही काय लिहाल?

बरेच जण लिहितील, "फटका बसला नाही, उलट प्रवासी वाढले." आकडा खरा, त्यावरून केलेलं विधान मात्र चूक. संशोधनाच्या तयारीत असाल तर हा प्रकार नीट समजून घ्या, कारण हीच गफलत गिरण्यांच्या, रेल्वेच्या, सिनेमागृहांच्या, अगदी वसतिगृहांच्या इतिहासातही होऊ शकते. मोजायला सोपी म्हणून आपण माणसांची संख्या मोजतो आणि मंदी भलत्याच रकान्यात बसलेली असते.

आता त्याच कंपनीचा दुसरा आकडा पाहा. २००८ मध्ये तिचं एकूण उत्पन्न सुमारे १४.६ अब्ज डॉलर होतं, २००९ मध्ये ते सुमारे १३.२ अब्जांवर आलं. निव्वळ नफा सुमारे २.३ अब्जांवरून १.८ अब्जांवर घसरला. उत्पन्नाला प्रवासीसंख्येने भागलं, तर दर प्रवाशामागे साधारण १,७८० डॉलर मिळत होते, ते १,५५० च्या आसपास आले. म्हणजे माणसं वाढली, पण माणसामागची कमाई सुमारे १३ टक्क्यांनी घटली. मंदी आली होती, ती भाड्यात उतरली होती.

असं का व्हावं? त्यासाठी या धंद्याचा हिशोब बघावा लागतो. क्रूझ म्हणजे मुंबईहून अलिबागला पोचवणारी बोट नव्हे. जहाज हेच हॉटेल, तेच रेस्टॉरंट, तेच नाट्यगृह. प्रवासी चार-सात दिवस फिरून बहुतेकदा निघाला त्याच बंदरात परत येतो. जहाज बंदरातून सुटलं की कर्जाचं व्याज, इंधन, खलाशांचा पगार, बंदराचं शुल्क हा खर्च बहुतांशी ठरलेला असतो, प्रवासी दोन हजार असोत की तीन हजार. एक जादा प्रवासी घेतला तर त्याच्या जेवणाखाण्याचा आणि किरकोळ सेवेचा तेवढा खर्च वाढतो. शिवाय तो चढला की बारमध्ये, कॅसिनोत, किनाऱ्यावरच्या सहलींवर पैसे खर्च करतो. रिकामी केबिन मात्र काहीच देत नाही, आणि आजची रिकामी केबिन उद्या विकता येत नाही. त्यामुळे मागणी घटली की कंपनी जहाज रिकामं नेत नाही. भाडं उतरवते आणि जहाज भरते.

म्हणूनच कार्निव्हलच्या अहवालात जहाजं किती भरली याचा आकडा दोन्ही वर्षी १०५ टक्क्यांच्या वर दिसतो. शंभराच्या वर टक्के कसे, असं विचाराल. इथे मोजमापाची पद्धत कळायला हवी. या धंद्यात एका केबिनमध्ये दोन माणसं म्हणजे शंभर टक्के, असं धरतात. आईवडिलांबरोबर मुलं तिसऱ्या-चौथ्या बर्थवर झोपली की आकडा शंभर ओलांडतो. कुठलीही टक्केवारी वापरण्याआधी तिचा छेद काय आहे ते विचारा. गाईडने नाही विचारलं तरी व्हायवाला कुणीतरी विचारतंच!

बरं, भाडं उतरलं म्हणून नफा किती उतरला? सगळ्यांचा सारखा नाही. रॉयल कॅरिबियन ही दुसऱ्या क्रमांकाची कंपनी. तिचं उत्पन्न सुमारे ६.५ अब्ज डॉलरवरून ५.९ अब्जांवर आलं, म्हणजे जवळजवळ कार्निव्हलइतकंच, सुमारे १० टक्क्यांनी घटलं. पण नफा ५७.४ कोटी डॉलरवरून १६.२ कोटींवर आला. एकीकडे सुमारे २३ टक्के घट, दुसरीकडे ७० टक्क्यांहून जास्त. याचं एक मोठं कारण कर्ज. २००९ मध्ये रॉयल कॅरिबियनने व्याजापोटी सुमारे ३० कोटी डॉलर मोजले. कार्निव्हलने सुमारे ३८ कोटी मोजले, पण तिचं उत्पन्न दुपटीहून जास्त होतं. नफा मुळात पातळ आणि व्याज ठरलेलं, अशा वेळी उत्पन्नातली छोटी घट नफ्याचा मोठा लचका तोडते. "मंदीमुळे क्रूझ कंपन्यांचा नफा इतका टक्के घटला" असं सरसकट वाक्य म्हणूनच लिहू नका. कोणत्या कंपनीचा, किती कर्ज डोक्यावर असताना, हे सोबत यायला हवं.

आणखी एक गोष्ट उलट बाजूने काम करत होती. जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो चाळिशीच्या खाली आला. मंदीने प्रवाशाचा खिसा हलका केला, तसंच जहाजाचं इंधनही स्वस्त केलं. कार्निव्हलचा इंधनखर्च २००८ मधल्या सुमारे १.८ अब्ज डॉलरवरून २००९ मध्ये १.२ अब्जांच्या आत आला. ही बचत साधारण नफ्यातल्या घटीएवढीच आहे. तेल स्वस्त झालं नसतं, तर नफा दुपटीने घसरला असता. म्हणजे अंतिम नफ्याचा आकडासुद्धा मंदीचा पूर्ण फटका दाखवत नाही, कारण त्यात मंदीचीच एक मदत मिसळलेली आहे.

कालगणनेचाही एक सापळा आहे. कार्निव्हलचं आर्थिक वर्ष नोव्हेंबरअखेर संपतं. लेहमन ब्रदर्स बुडाली ती १५ सप्टेंबर २००८ ला. तोवर त्या वर्षाची बहुतेक तिकिटं विकून झाली होती. म्हणून "२००८" या रकान्यात संकट जवळजवळ दिसत नाही. कंपनीला मात्र चाहूल लागली होती. ऑक्टोबर २००८ च्या अखेरीस तिने पुढच्या वर्षाचा लाभांश स्थगित करत असल्याचं जाहीर केलं. आकड्याआधी निर्णय बोलतात, म्हणून ताळेबंदाइतकीच घोषणांची तारीखवार नोंद ठेवा.

इथवर आपण एकच मंदी पाहिली. एका उदाहरणावरून नियम बांधू नये, तेव्हा आणखी मागे, १९३० च्या दशकातल्या महामंदीकडे जाऊ. तिथे चित्र नेमकं उलटं दिसतं.

तेव्हा अटलांटिक ओलांडणारी मोठी जहाजं हा मुख्य धंदा होता; क्रूझ ही जोडीची गोष्ट. १९३० च्या सुमारास उत्तर अटलांटिकवर वर्षाला दहा लाखांच्या आसपास प्रवासी जात. १९३४ पर्यंत ही संख्या निम्म्याखाली आली. ब्रिटनमध्ये क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन गोदीत क्युनार्ड कंपनीचं एक प्रचंड जहाज बांधलं जात होतं. त्याला अजून नावही नव्हतं, गोदीतला क्रमांक ५३४ एवढीच ओळख. डिसेंबर १९३१ मध्ये पैशाअभावी काम थांबलं आणि तीन हजारांहून जास्त कामगार एका फटक्यात घरी बसले. सांगाडा दोन वर्षांहून अधिक काळ तसाच उभा होता. शेवटी ब्रिटिश सरकारने ९५ लाख पौंडांचं कर्ज देऊ केलं, पण अट घातली की क्युनार्डने व्हाइट स्टार या प्रतिस्पर्धी कंपनीशी एकत्र यावं. १९३४ मध्ये विलीनीकरण झालं, काम सुरू झालं, आणि ते जहाज 'क्वीन मेरी' म्हणून १९३६ मध्ये पहिल्या सफरीला निघालं.

इथे कंपन्यांनी भाडं उतरवून जहाजं का भरली नाहीत? दोन कारणं लक्षात घ्या. एक, या मार्गावर कंपन्यांची संघटना होती आणि किमान भाडी आपसात ठरत. कुणी एकट्याने मनमानी दर लावणं अवघड होतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. अमेरिकेने १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी स्थलांतरितांवर देशवार मर्यादा घातली होती. जहाजाच्या तळातल्या स्वस्त वर्गाने जाणारा युरोपचा गरीब माणूस, म्हणजे या धंद्याचा जुना आधार, मंदीच्या आधीच आटला होता. ज्याला देशात शिरायलाच मनाई आहे, त्याला तिकीट अर्ध्या किमतीत दिलं तरी तो येणार नाही. सुटीवर जाणाऱ्याचं मात्र तसं नसतं. भाडं उतरलं की तो यंदा न जाण्याचा बेत बदलून जायचं ठरवतो.

आणि कंपन्यांनी तेच केलं. रिकाम्या जहाजांना सहलीला जुंपलं. एकेकाळचं सर्वांत वेगवान 'मॉरिटेनिया' पांढऱ्या रंगात रंगवून उन्हाळी समुद्रांकडे वळवलं; १९३५ मध्ये ते मोडीत निघालं. 'बेरेंगेरिया' इतक्या स्वस्त सफरी करू लागलं, की लोक थट्टेने त्याला 'बार्गेन-एरिया' म्हणू लागले. अमेरिकेत दारूबंदी होती, ती १९३३ पर्यंत टिकली. परदेशी जहाज सागरी हद्दीबाहेर गेलं की बार उघडायचा. हीदेखील अशा छोट्या सफरींची एक मोठी ओढ होती. म्हणजे भाडं उतरवून जहाज भरायची युक्ती मंदीतच रुळली, आणि ती चालली ती प्रवासाच्या धंद्यात नव्हे, सुटीच्या धंद्यात.

दोन्ही मंद्या शेजारी ठेवल्या की मुद्दा स्पष्ट होतो. मागणी घटते तेव्हा धक्का कुठेतरी बसतोच. भाडं हलू शकत नसेल किंवा हलवून उपयोग नसेल, तर तो संख्येवर बसतो. १९३१ मध्ये जहाजं रिकामी गेली. भाडं हलत असेल, तर संख्या शाबूत राहते आणि धक्का कमाईवर बसतो. २००९ मध्ये तेच झालं. फक्त संख्या पाहणारा संशोधक पहिली मंदी पकडेल आणि दुसरी हुकवेल. फक्त भाडं पाहणाऱ्याचं याच्या उलट होईल.

नव्या जहाजांचं काय? 'ओएसिस ऑफ द सीज' हे तेव्हाचं सर्वांत मोठं प्रवासी जहाज रॉयल कॅरिबियनने फेब्रुवारी २००६ मध्ये मागवलं आणि ते हाती आलं ऑक्टोबर २००९ मध्ये, ऐन मंदीत. तेजीत दिलेली ऑर्डर मंदीत दारात उभी राहते, आणि साडेपाच हजारांच्या आसपास खाटा नव्याने विकाव्या लागतात. भाडी खाली दाबली जाण्याचं हेही एक कारण. पण ५३४ क्रमांकासारखं काम थांबलं नाही. फिनलंडच्या सरकारी निर्यात-हमी संस्थेने त्या कर्जाच्या मोठ्या भागाची हमी घेतली होती. दोन्ही वेळा बाजारामागे सरकार उभं होतं, एकदा जहाज अडकल्यावर आणि एकदा आधीपासून.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत गंभीर प्रश्न. भाडं उतरलं ते कुणाच्या खिशातून? भागधारकाचा लाभांश गेला हे अहवालात लिहिलेलं आहे. पण जहाजावरचा वेटर, केबिन साफ करणारा स्ट्यूअर्ड यांच्या कमाईचा मोठा भाग प्रवाशांच्या बक्षिशीतून येतो. जहाज भरलेलं, म्हणजे काम पूर्ण. प्रवासी हात आखडून खर्च करणारा, म्हणजे वरकमाई कमी. कंपनीच्या उत्पन्नाच्या रकान्यात ही घट दिसत नाही.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. गोव्यातल्या सासष्टी, बारदेश भागातली कितीतरी घरं या नोकऱ्यांवर चालतात. १९३० च्या दशकातही पी अँड ओ सारख्या कंपन्यांच्या जहाजांवर गोव्याचे स्ट्यूअर्ड आणि स्वयंपाकी असत, आणि पुढच्या जहाजाची वाट पाहत ते मुंबईत धोबी तलावच्या आसपास गावोगावच्या 'कूड' मध्ये राहत. मुंबई-कलकत्त्याच्या खलाशांची बेकारी आणि भरतीतला गैरव्यवहार हा विषय १९३१ च्या रॉयल कमिशन ऑन लेबरच्या अहवालात आलेला आहे.

तुम्हाला मराठी आणि कोकणी येत असेल, तर या विषयासाठी तुमच्या हातात असं साधन आहे जे न्यूयॉर्कच्या विश्लेषकाकडे नाही. कंपनीचे अहवाल इंटरनेटवर कुणीही उघडू शकतं. पण २००९ साली घरी किती पैसे आले, करार संपल्यावर पुढचं बोलावणं किती महिन्यांनी आलं, कुणाचं घराचं बांधकाम अर्धवट राहिलं, हे विचारायला मडगावात किंवा म्हापशात कुणाच्या तरी बाल्कांवात बसावं लागतं. त्यांच्या आठवणीतल्या तारखा आणि अहवालातल्या तारखा जुळतात का ते तपासा. जिथे जुळणार नाहीत, तिथून तुमच्या प्रबंधाचा विषय सुरू होईल.