चालत जायचं की!

मागच्या रविवारी गावी, म्हणजे नेवाशाला होतो. सकाळी सायकल काढली आणि प्रवरासंगमला जाऊन आलो. येताना फाट्यावर मिसळ. घरी येऊन ऐटीत सांगितलं, "अण्णा, आज पाचशे कॅलरी जाळल्या." अण्णा म्हणाले, "वजन उतरवायचं तर चालत जायचं की. सायकल कशाला?"

तेव्हा हसलो. पुण्याला परतल्यावर जरा शोधाशोध केली आणि अण्णाच बरोबर निघाले!

गंमत म्हणजे कॅलरी मोजण्याच्या इतिहासात सायकल अगदी सुरुवातीपासून आहे. १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या वेस्लेयन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर यांनी माणूस आत राहू शकेल अशी एक बंद खोली बांधली. त्याच्या अंगाची उष्णता नळ्यांतल्या पाण्याने वाहून न्यायची आणि मोजायची. त्याच्याकडून कष्ट करून घ्यायला आत काय ठेवलं? जागच्या जागी फिरणारी सायकल! पुढे बेनेडिक्ट आणि कॅथकार्ट यांनी एका व्यावसायिक सायकलपटूला असंच मोजलं आणि १९१३ साली पुस्तक काढलं. कष्टासाठी जी जास्तीची ऊर्जा लागते, तिचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पेडलला मिळतो, उरलेली नुसती उष्णता. आपण इंजिनियर लोक याला एफिशियन्सी म्हणतो.

आता हिशोब बघा. पंच्याहत्तर किलोचा माणूस (मी!) एक किलोमीटर चालला तर पन्नासेक कॅलरी जातात. तेच अंतर रमतगमत सायकलवर केलं तर अंदाजे निम्म्या. मार्च १९७३ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये एस. एस. विल्सन यांनी तर दाखवून दिलं की अंतर कापायला सायकलवरचा माणूस सगळ्या प्राण्यांपेक्षा आणि यंत्रांपेक्षा काटकसरी ठरतो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी, म्हणजे माझ्या वेगाने वीसेक तास. वर मिसळ आहेच.

तो मार्च १९७३ वाचून मी थबकलो. त्याच वेळी आमच्या नगर जिल्ह्यात १९७२ चा दुष्काळ चालू होता. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं तेव्हा ती श्रीमंतांची चीज होती. बहात्तरपर्यंत ती अण्णांसारख्यांच्या हाती आली होती. अण्णा तेव्हा एकोणीस वर्षांचे. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, काका डबलसीट. जेवण म्हणजे रेशनच्या लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. चालत गेले असते तर अर्धी भाकरी रस्त्यातच जिरली असती. हा हिशोब त्यांनी कागदावर कधी केला नव्हता, पण तो त्यांना पाठ होता.

फोनवर हे सगळं सांगितलं. म्हटलं, अण्णा, तेव्हा तुमचं वजन किती होतं हो?

"खडीचं माप घ्यायचे रे. आमचं कोण घेतंय?"

असो. पुढच्या वेळी गावी गेलो की सायकल काढणार आहेच, ती आवडते म्हणून. मिसळ मात्र अर्धी. आणि संध्याकाळी अण्णांबरोबर मोहिनीराजाच्या देवळापर्यंत चालत.