पौंडाला पाव आणा

गिरणगावाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्यात चाळी आहेत, लाल बावटा आहे, १९८२ चा संप आहे. चीन मात्र क्वचितच. मुंबईच्या गिरण्या म्हणजे कापडाच्या गिरण्या, असे मीही कित्येक वर्षे धरून चाललो होतो. जुने अहवाल चाळू लागलो तेव्हा कळले, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे मोठे गिऱ्हाईक होते चिनी विणकर. त्याला वीस नंबरच्या आतले जाडेभरडे सूत लागे, आणि आपल्या आखूड धाग्याच्या कापसातून तेच चांगले निघे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिल्या गिरणीची कंपनी काढली. पुढच्या चाळीस वर्षांत धंदा वाढला तो मुख्यतः या सुताच्या जोरावर.

गिरणी चालवणाऱ्या एजंटांचे कमिशन बहुतेक ठिकाणी नफ्यावर नसे, मालावर असे: पौंडाला पाव आणा. सूत फायद्यात विकले काय नि तोट्यात, एजंटाचा पाव आणा पक्का. अशा माणसाला बाजाराची बदलती हवा उशिरा कळावी यात नवल नाही.

१८९३ च्या जूनमध्ये सरकारने टांकसाळी चांदीला बंद केल्या. रुपया चांदीपासून सुटून महाग झाला. चीन मात्र चांदीतच पैसे मोजत राहिला. आमचे सूत तिकडे महागले, अशी गिरणीमालकांची ओरड सुरू झाली. ती खोटी नव्हती, पण मला ती थोडी सोयीची वाटते. कारण जपाननेही १८९७ मध्ये चांदी सोडून सोने धरले आणि तरी त्याची सूतनिर्यात वाढतच गेली.

जपानचे कसब वेगळेच होते. तिथल्या गिरण्यांनी रिंग चात्या लवकर घेतल्या, त्यावर मुलींच्या रात्रपाळ्या लावल्या, आपल्या कापसात अमेरिकन कापूस मिसळला. त्यांच्या सरकारने १८९४ मध्ये सुतावरची निर्यातजकात आणि १८९६ मध्ये कापसावरची आयातजकात काढली. गंमत अशी, की हा कापूस मुंबईहून थेट जपानला नेणारी जपानी बोटवाहतूक १८९३ मध्ये सुरू झाली ती जमशेटजी टाटांच्या सहकार्याने. पी. अँड ओ. कंपनीची मक्तेदारी मोडायची, हा त्यांचा हेतू रास्तच होता. पण त्या वाटेने गेलेला कापूस सूत होऊन चीनच्या बाजारात मुंबईच्याच सुताशी भिडला. त्यातच शांघायमध्ये परकीयांच्या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि १८९६ च्या प्लेगने मुंबईचे कामगार कोकणात, देशावर पळाले.

मग गिरण्या कापडाकडे वळल्या. घरच्या कापडावर सरकारने १८९६ पासून साडेतीन टक्के अबकारी कर बसवला होता, तरी वळल्या. १९०५ च्या स्वदेशीने त्यांना हात दिला. मागांची संख्या वाढत गेली. इतिहासाची पुस्तके या टप्प्याला यशस्वी स्थित्यंतर म्हणतात, आणि ताळेबंदापुरते ते बरोबरही आहे. पण त्याच तेजीत विजेच्या दिव्यांखाली काही गिरण्या दिवसाला चौदा-पंधरा तास चालत. बारा तासांची मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने. आणखी एक गोष्ट सहसा कुणी लिहीत नाही. बाहेर विकायचे सूत लडी करून बांधावे लागे, आणि ते रिलिंगचे काम बायकांचे होते. सूत गिरणीतच मागावर चढू लागले, की तेवढ्या लडी नकोत.

पहिल्या महायुद्धानंतर जपानी कापड थेट हिंदुस्थानात उतरले. १९२६ मध्ये अबकारी गेली. पण १९२७ मध्ये रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्सांवर बांधला गेला आणि परदेशी माल आणखी स्वस्त पडला. या वेळी मालकांनी उपाय शोधला तो खात्यातच. दोन मागांच्या विणकराने तीन सांभाळावेत, कातणाऱ्याने एका बाजूऐवजी दोन. १९२८ च्या एप्रिलमध्ये सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. सहा महिने भोंगे वाजले नाहीत. ऑक्टोबरात चौकशी समिती नेमण्याच्या बोलीवर माणसे कामावर परतली. तिसऱ्या मागाचा प्रश्न त्यांच्याबरोबरच आत गेला.