विद्यार्थी वकिली (जालना जिल्हा)

कायद्याच्या विद्यार्थ्याने जाणत्या वकिलाच्या देखरेखीखाली पक्षकाराची बाजू न्यायालयात मांडणे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने १९०९ मध्ये त्याला कायद्याने वाट करून दिली. अमेरिकन बार असोसिएशनचा नमुना-नियम १९६९ चा. भारतात असा स्वतंत्र नियम नाही. त्यामुळे जालना, अंबड, भोकरदन किंवा परतूरच्या न्यायालयात विद्यार्थी येतो तो शिकाऊ म्हणून.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार वकिलीचा हक्क सनदधारकालाच आहे (कलमे २९ व ३३). सनदेशिवाय वकिली केल्यास कलम ४५ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र कलम ३२ प्रमाणे सनद नसलेल्या व्यक्तीलाही एखाद्या विशिष्ट प्रकरणापुरते हजर राहू देणे न्यायालयाच्या हाती आहे. हा हक्क नव्हे, आधी मागून घ्यायची परवानगी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने हरिशंकर रस्तोगी प्रकरणात (१९७८) सांगितले. विद्यार्थ्याला आज कायद्याने मोकळी असलेली मुख्य वाट हीच. ग्राहक आयोगापुढे मात्र वकील नसलेला प्रतिनिधीही नियमांच्या चौकटीत बाजू मांडू शकतो. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले.

सनदेआधीच्या प्रशिक्षणाची अट १९७३ च्या दुरुस्तीने गेली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ च्या नियमांनी वर्षभराची उमेदवारी पुन्हा आणली, पण व्ही. सुधीर प्रकरणात (१९९९) सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले. नंतरच्या अखिल भारतीय बार परीक्षेत बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरे तपासली जातात. न्यायाधीशांसमोर बोलण्याची कसोटी तिच्यात नाही.

उरते ती इंटर्नशिप. २००८ च्या विधी शिक्षण नियमांत ती तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान बारा आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान वीस आठवडे ठरवली आहे. पांढरा सदरा, काळा कोट आणि काळा टाय घातलेला विद्यार्थी मागच्या बाकावर बसून एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला वहीत टिपतो. या नोंदींना तीस गुण असतात. सरतपास कुठे संपला, उलटतपासात साक्षीदार कुठे अडखळला, हे तो लिहितो. प्रश्न मात्र विचारू शकत नाही. सीनियरच्या ऑफिसात तो पुरशिस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) किंवा समोरच्याच्या अर्जावरचे ‘म्हणणे’ म्हणजे उत्तर तयार करतो, सही सीनियरची होते. वकीलपत्रावर त्याचे नाव येत नाही.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मध्ये विधी महाविद्यालयांतील मदत केंद्रांना उत्तेजन देण्याची तरतूद आहे आणि २०११ च्या विनियमांनी अशा केंद्रांची घडी बसवली. विद्यार्थी तिथे कागद वाचून देतो, अर्ज लिहून देतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कसे जायचे ते सांगतो. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील माणूस यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे ठाऊक नसलेल्यापर्यंत ही माहिती पोचवणे मोलाचे आहे. पण अर्ज लिहिणारा मुलगा तारखेला तोंड उघडू शकत नाही, इथे त्याचे शिक्षण तुटते. प्राधिकरणाच्या पॅनेलवरचा वकील शेजारी उभा, पक्षकाराची लेखी संमती हाती, आणि पोटगीच्या अर्जावरील साधी मुदतवाढ विद्यार्थ्याने मागितली, एवढ्याने कोणाचे नुकसान होणार नाही. कलम ३२ खाली एखादा न्यायाधीश हे आजही करू देऊ शकतो. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.