पद्मिनीला काहीच आठवत नसे

परवा वाकोल्याला गॅरेजमध्ये गाडी दिली होती. मेकॅनिकने स्क्रीनवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, आधीच्या मालकाचे नंबर अजून आतच आहेत." सेकंडहँड गाडी. त्या गृहस्थाच्या घराचा पत्ता, बायकोचा नंबर, कुठल्याशा डॉक्टरचा नंबर, सगळं घेऊन मी दोन वर्षं हिंडतोय! लगेच पुसायला लावलं. मग आठवलं, माझी आधीची गाडी विकताना मी काय पुसलं होतं? काहीच नाही.

आपल्या सांताक्रूझहून कलिना ओलांडलं की कुर्ला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथला. फियाट ११०० तिथेच बनायची, तिचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. स्टिअरिंगजवळ गिअर, आत कार्ब्युरेटर, बाहेर लोखंडी मीटर. किती किलोमीटर झाले एवढं सोडलं तर त्या गाडीजवळ सांगण्यासारखं काही नसायचं. तुम्ही कुठे उतरलात ते टॅक्सीवाल्याला ठाऊक, आणि तोही पुढचं भाडं मिळेपर्यंत विसरलेला.

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती बंद. तेव्हा सगळ्यांनी हळहळीच्या पोस्टी टाकल्या, मीही टाकली. त्याच्या दोनेक महिने आधी मोझिला फाउंडेशनने २५ मोटार ब्रँडांची खासगीपणाची धोरणं तपासली होती. पंचवीसच्या पंचवीस नापास. त्यावर मात्र आपल्याकडे कुणी हळहळलं नाही.

मग जुनी गाडी घेतली की सुटलो? मलाही तसंच वाटायचं. पण नंबरप्लेट तर जुन्या गाडीलाही असतेच. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर वरळीत टाकून दिलेल्या मारुती व्हॅनच्या नोंदणीवरूनच पोलीस माहीमला मेमन कुटुंबाच्या घरापर्यंत पोचले. नोंदणी असते ती अशाच कामासाठी, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पुढच्या गोष्टीची आहे. जुलै २०१९ मध्ये गडकरींनी राज्यसभेत सांगितलं की 'वाहन' आणि 'सारथी' या सरकारी नोंदी ८७ खासगी कंपन्यांना आणि ३२ सरकारी संस्थांना खुल्या केल्यात, आणि त्यातून ६५ कोटी रुपये मिळालेत. म्हणजे आपण आरटीओत रांग लावून, फी भरून दिलेली माहिती! आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच सांगून ठेवलेलं. २०२० च्या जूनमध्ये सरकारने ते धोरण मागे घेतलं. पण एकदा बाहेर गेलेली माहिती परत कशी आणणार?

माझ्या मेहुण्याकडे जुनी फियाट आहे, रविवारी जुहूला फिरवायची. तिच्यात सिम नाही, स्क्रीन नाही, रेडिओसुद्धा बंद. गेल्या महिन्यात त्याला अनोळखी नंबरवरून फोन आला, "सर, तुमच्या गाडीचा विमा संपतोय." आणि पलीकडच्या पोरीने गाडीचा नंबर घडाघडा म्हणून दाखवला.