लांबीमापन (बालशिक्षणातील)

वस्तूच्या दोन टोकांमधील अंतर म्हणजे लांबी. परंतु व्याख्येपूर्वी बालकाने स्वहस्ते मोजावे, हा क्रम कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या 2020 च्या गणित अभ्यासक्रमाने स्वीकारला असून, इयत्ता दुसरीत अप्रमाणित एककांसोबतच सेंटिमीटर व मीटर यांचा संबंध शिकविला जातो. याच प्रांतातील मार्कहॅम शहरातल्या मराठी घरात वीत व हात (1 हात = 2 विती = 24 अंगुळे) ही मापे आजीपाशी आयतीच सापडतात; तिच्या चार विती नातवाच्या सहा का भरतात, या तंट्यातूनच प्रमाण एककाची निकड उमगते. खुद्द मार्कहॅमची भूमी 66 फुटी गुंटर साखळीने आखली गेली. मुख्य समांतर रस्त्यांमधील अंतर 100 साखळ्या, म्हणजे सव्वा मैल. महाराष्ट्राच्या भूमापन दप्तरातील 33 फुटी साखळी गुंटर साखळीच्या बरोबर निम्मी. पुढे कॅनडात वेगमर्यादेच्या पाट्या 1977 मध्ये किलोमीटरांत बदलल्या. स्वतःची उंची मात्र लोक अद्याप फुटांतच सांगतात.