साहेबापुढे बोलण्याची भीती

१/५ एकोणिसाव्या शतकात मामलेदार कचेरीची पायरी चढतानाच रयतेचा घसा कोरडा पडे. गाऱ्हाणे खरे असले, तरी ते कोणत्या आधारावर मांडावे, हे ठाऊक नसे.

२/५ २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी तिचे अध्वर्यू. मुंबई कायदेमंडळात एकही लोकनियुक्त सभासद नसताना सुमारे ६,००० लोकांनी मुखत्यारपत्रांवर सह्या करून ९५ प्रतिनिधी नेमले. एकट्याचे गाऱ्हाणे आता अनेकांचे झाले.

३/५ १८९६ मध्ये पावसाने दगा दिला. पीक बुडाल्यास सारा तहकूब करण्याची तरतूद सरकारी नियमांतच होती. शेतकऱ्याला मात्र तिचा पत्ता नव्हता.

४/५ टिळकांच्या ‘केसरी’ने आणि सभेच्या कार्यकर्त्यांनी हे नियम मराठीतून गावोगाव पोहोचवले. सवलत ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे लोकांना कळले.

५/५ १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. तोवर लोक बोलू लागले होते. कारण पाठीशी माणसे होती आणि हाती नियम होता. आज आमदाराला फोन लावताना अडखळणाऱ्यालाही या दोहोंचाच आधार पुरतो.